ट्रॉलीचा डबा इथेच बनवा, पण हँगरला हात लावू नका

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

डोंगरावरच्या देवस्थानांना आणि चिखलदऱ्यासारख्या ठिकाणांना रोपवे हवा, अशी मागणी आपल्या वाचकपत्रांतून वरचेवर येते. हल्ली त्यात एक वाक्य हमखास असते : ‘ट्रॉली म्हणजे शेवटी पत्र्याची पेटी, ती बाहेरून कशाला आणायची? परतवाड्याचा नाहीतर अमरावतीचा फॅब्रिकेशनवाला निम्म्या पैशात करून देईल.’ या वाक्यातले अर्धे खरे आहे आणि अर्धे जीवघेणे. कोणते अर्धे कोणते, हे निविदा निघायच्या आधी कळलेले बरे, म्हणून हे पत्र.

दोराला लटकणाऱ्या ट्रॉलीचे वरून खाली चार भाग पडतात. दोर धरणारी पकड, म्हणजे ग्रिप. तिच्यापासून खाली उतरणारा वाकडा दांडा, म्हणजे हँगर. हँगर आणि छप्पर यांच्या मधले, धक्का शोषणारे रबरी बुश. आणि मग डबा. यातला डबा विदर्भात नक्की होऊ शकतो. हिंगण्याच्या एसटी कार्यशाळेत नुसत्या चेसिसवर बसची अख्खी बॉडी चढते. ॲल्युमिनियमचे सेक्शन, रिव्हेट, रबर बिडिंग, दाराचे बिजागर, हे सगळे करणारे हात इथे आहेत. ग्रिप, हँगर आणि बुश मात्र ज्या कंपनीची रोपवे यंत्रणा, तिच्याकडूनच घ्यावेत, तेही प्रत्येक नगावर ठोकलेला नंबर आणि तपासणीचा कागद पाहून. तिथे भावतोल करूच नये.

का, ते आकड्यांतून पाहा. मार्ग दीड किलोमीटरचा आणि दोराचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला, तर एका बाजूला ५ मिनिटे लागतात. दोन्ही स्टेशनांतला वेळ धरून एक चक्कर १२ मिनिटांची. तासाला ५, दिवसाच्या दहा तासांत ५०, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १५,००० चकरा. वाटेत ८ टॉवर असले, तर जाताना आणि येताना मिळून १६ वेळा ग्रिप रोलरांवरून खडखडत जाते आणि तो धक्का हँगरमधून खाली उतरतो. वर्षाला २ लाख ४० हजार धक्के, वीस वर्षांत ४८ लाख. गोदामाच्या छपराच्या कैचीवर वर्षानुवर्षे जवळपास तोच भार बसून असतो, म्हणून तिथला कसाबसा मारलेला वेल्डही खपून जातो. इथे खपत नाही. वेल्डची कड जिथे मूळ नळीला मिळते, तिथे करंट जास्त झाल्याने पडलेली, नखाला जेमतेम जाणवेल एवढी खाच असते. कारागीर तिला अंडरकट म्हणतात. तडा तिथून सुरू होतो, महिनोन्‌महिने आत सरकतो आणि वरचा रंग अभंग दिसतो. फार तर रंगातून गंजाची तपकिरी ओघळ खाली उतरलेली दिसेल, तीही पावसाळ्यानंतर. हा तडा शोधायला रंग खरवडून चुंबकीय चूर्णाची तपासणी करावी लागते, तीही दर वर्षी. ग्राइंडर मारून, लांबी भरून, वर चकचकीत रंग दिलेला जोड आपल्याकडे ‘फिनिशिंग चांगले’ म्हणून वाखाणला जातो. हँगरवर तो सगळ्यात धोक्याचा.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट येते. रोपवे सुरू झाला की सहा महिन्यांत कुणाला तरी हँगरवर जाहिरातीची पाटी, भोंगा नाहीतर झेंड्याची काठी बसवायची हुक्की येते आणि त्यासाठी दोन इंचाची क्लिप वेल्ड केली जाते. क्लिप कितीही हलकी असो, तिच्या वेल्डने नळीवर नवी खाच आणि नवा कडक पट्टा तयार झालेला असतो. पाटी लावायचीच तर डब्याच्या कातडीवर चिकटवा. आणि जुगाड फक्त आपल्याकडेच चालतो असे नाही. इटलीत मोत्तारोने इथे मे २०२१ मध्ये ओढणारा दोर तुटला, तेव्हा आपत्कालीन ब्रेक लागू नये म्हणून त्याला आधीच अडकण लावून ठेवलेली होती. १४ माणसे गेली.

आता डबा. बस-बॉडीच्या कारागिराची सवय इथे पहिल्याच पायरीला आडवी येते. बसची बॉडी चेसिसवर उभी असते, भार खाली उतरतो, म्हणून तो कारागीर तळ दणकट करतो आणि छप्पर हलके ठेवतो. ट्रॉलीत भार वर चढतो. आठ माणसांचे वजन डब्याच्या तळावरून खांबांत, खांबांतून छपराच्या चौकटीत आणि तिथून हँगरमध्ये जाते. म्हणजे छपराची चौकट सर्वांत मजबूत हवी, आणि चारही कोपऱ्यांचे खांब छपरापासून तळाच्या खालपर्यंत अखंड, एका तुकड्यात हवेत. तळाची चौकट त्या खांबांच्या पायांवर बसली पाहिजे. ती बाजूच्या पत्र्याला रिव्हेटने टांगली, तर प्रत्येक रिव्हेट टोपी उपटण्याच्या दिशेने ओढला जातो. रिव्हेट आडव्या कापाला चांगला, उभ्या ओढीला कच्चा. हा एक मुद्दा नकाशात चुकला, तर पुढचे सगळे काम कितीही सफाईचे झाले तरी उपयोग नाही.

भार धरायचा माणशी ८० किलो, म्हणजे आठांचे ६४०. रिकामा डबा ६०० किलोच्या आत बसवता आला पाहिजे. आतली मापे साधारण १.९ मीटर लांब, १.७ रुंद, २.१ उंच. समोरासमोर दोन बाके, चार-चार जणांची. घडीची बाके मागू नयेत, कारण बाक घडी झाले की तिथे उभे राहायला जागा होते आणि बहिरमच्या यात्रेच्या गर्दीत आठाच्या जागी तेरा माणसे चढतात. पाटी लावून गर्दी थांबत नाही, गुडघ्यांमधली जागा कमी ठेवली की आपोआप थांबते.

चौकटीसाठी ६०६१ किंवा ६०६३ जातीचे टी-६, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेले, ॲल्युमिनियम बाजारात मिळते. पण त्याला आर्गन वेल्डिंग केले की वेल्डच्या आजूबाजूच्या पट्ट्यात उष्णतेने त्याचे पाणी उतरते आणि ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. डोळ्यांना काही दिसत नाही, धातू तसाच चकाकतो. म्हणून भार घेणारे कोपरे वेल्ड करू नयेत. तिथे आतून-बाहेरून गसेट प्लेट, म्हणजे कोपरा सांधणारी जाड पट्टी, आणि बोल्ट घ्यावेत, वेल्डिंग बाकाच्या आधाराला आणि कडांना. बोल्ट स्टेनलेसचे, नट नायलॉनच्या कड्याचे, आणि एकदा काढलेला नट पुन्हा लावायचा नाही. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओले होऊन एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते, त्यामुळे मधे नायलॉन वॉशर नाहीतर प्रायमरचा जाड थर हवाच. देवस्थानच्या ट्रॉलीत तर नारळाचे पाणी, कुंकू आणि प्रसादाचा चिकटा रोज सांडणार. तळाला चेकर प्लेट, चारही कोपऱ्यांना पाणी जायची भोके, आणि ती भोके काडी घालून साफ करता येतील एवढी मोठी.

खिडकीला काच नको, पॉलिकार्बोनेट, म्हणजे चिवट पारदर्शक प्लॅस्टिक, हवे. ते आपटून सहसा फुटत नाही, पण उन्हात वाढते, आणि वाढते ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पत्रा १० अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी ६५ वर जातो. ५५ अंशांच्या या फरकात १.२ मीटर लांबीचा खिडकीचा तुकडा आपल्या चौकटीपेक्षा ३ मिलिमीटरने जास्त वाढतो. तो रबराच्या खाचेत सैल तरंगत असला तर काहीच होत नाही. पण फिटरने सवयीप्रमाणे कडेला ड्रिल मारून स्क्रू कचकून आवळले, की पहिल्याच उन्हाळ्यात प्रत्येक भोकाभोवती चांदणीसारखे तडे येतात. हा दोष मालाचा नसतो, पाना फिरवणाऱ्याचा असतो, पण बिल मालाच्या नावावर फाटते. पुसायला पेट्रोल, थिनर किंवा कडक फिनेल वापरले तरी हाच परिणाम. साधे साबणपाणी आणि सुती फडके पुरे.

खिडकी नुसती टिकून भागत नाही, तिने माणूसही अडवला पाहिजे. गुलमर्गला २५ जून २०१७ रोजी वाऱ्याने झाड उन्मळून दोरावर पडले, ट्रॉली हेलकावली, आतली माणसे खाली फेकली गेली आणि सात जण मेले. झाड तोडायला हवे होते हे खरेच. पण खिडकीचा तुकडा बाहेरून बसवून रबराने दाबलेला असेल, तर आतून पडलेला माणूस त्याला रबरासकट बाहेर ढकलतो. तो आतून बसवा आणि चौकटीची कड बाहेरच्या अंगाला किमान २५ मिलिमीटर त्याच्यावर येऊ द्या, म्हणजे आतून जेवढा दाब पडेल तेवढा तो घट्ट बसेल.

दाराबद्दल थोडक्यात. ते स्टेशनात रुळाच्या कॅमने, म्हणजे दाराचा खटका ढकलणाऱ्या वळणदार पट्टीने, उघडावे आणि बंद व्हावे, आतल्या माणसाला उघडता येऊ नये, बाहेरून बचाव करणाऱ्याला किल्लीने उघडता यावे. स्टेशन सोडण्याआधी कुलूप लागल्याची खूण स्विचने तपासली जावी, न लागल्यास सगळी लाइन थांबावी. बंद होताना दाराचा जोर १५ किलोपेक्षा जास्त नको. कडेला मऊ रबर लागतेच, पण रबर जितके मऊ तितका लुगड्याचा सोगा किंवा पिशवीचा बंद त्यात अडकूनही कुलूप ‘लागले’ असे दाखवते. म्हणून स्विचची तपासणी नुसते दार ओढून करू नये, दुहेरी घडीचे सुती कापड दारात धरून करावी.

खरा विदर्भाचा प्रश्न उन्हाचा आहे आणि कॅटलॉगमध्ये त्याच्यावर एक ओळही नसते, कारण असे डबे मुळात बर्फाच्या डोंगरांसाठी घडले. तिथे गार वारा आत येऊ नये म्हणून सगळीकडून काच आणि हवेला नावापुरती फट. तोच डबा आपल्या ४५ अंशांत टांगला तर काय होईल? बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो, आठांचे ८०० झाले. खिडक्यांतून दुपारचे ऊन आणखी सुमारे २,००० वॉट आत आणते. म्हणजे तीन इस्त्र्या चालू ठेवून एका खोक्यात आठ माणसे बसवल्यासारखे. सेकंदाला ०.६ घनमीटर हवा डब्यातून वाहती राहिली, तर आतले तापमान बाहेरपेक्षा ४-५ अंशांनीच चढते. त्यासाठी बाकांखाली दोन्ही बाजूंना आणि छपराच्या वळचणीखाली चौफेर झडपा लागतात, खालच्यांचे एकूण तोंड ०.४ चौरस मीटर आणि वरच्यांचेही तेवढेच. पट्ट्यांमधली फट १०० मिलिमीटरपेक्षा कमी हवी, पोराचे डोके जाता कामा नये.

वर आणि खाली दोन्हीकडे झडपा यासाठी, की लाइन थांबली तरी तापलेली हवा वरून निघून खालून नवी यावी. फक्त खिडकीची सरकती फट दिली, तर चालत्या डब्यात छान वारा लागतो, चाचणीचे साहेब खूश होऊन उतरतात, आणि मे महिन्यात वीज जाऊन लाइन वीस मिनिटे थांबली की आतले म्हातारे माणूस आडवे होते. छप्पर पांढरे आणि दुहेरी हवे, मधे आग न धरणारा रॉकवूल भरून. थर्माकोल कदापि नको, ते ठिणगीला पेटते. बाकावर काळे रेक्झिन घातले तर लोक बसणारच नाहीत, लाकडी पट्ट्या बऱ्या. एसीचे स्वप्न पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की या डब्याला वायर नसते. स्टेशनात मिळालेल्या काही सेकंदांत बॅटरी जेवढी भरेल तेवढ्यावर दिवा, बोलण्याचे यंत्र आणि दोन छोटे पंखे चालतात. आणि आपला कूलर तर दोराला टांगताच येत नाही!

उन्हानंतर वावधन, म्हणजे वादळी वारा. वाऱ्याचा दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, हे मोजमाप प्रमाणसंहितेतले आहे. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वाऱ्यात चौरस मीटरला २४० न्यूटन दाब येतो. डब्याची बाजू ४ चौरस मीटरची आणि आकाराचा गुणक १.२ धरला तर आडवा जोर सुमारे ११५ किलोचा. भरलेला डबा त्याने ५ अंश कलतो, रिकामा ११. लोकांना वाटते भरलेला डबा धोक्याचा, वाऱ्यात मात्र उलटे आहे. म्हणून लाइन थांबवायचा वारा रिकाम्या डब्यावरून ठरवा, आणि टॉवर व डबा यांच्यातले अंतरही त्याच्यावरूनच. मडगावला सप्टेंबर २००४ मध्ये स्कायबसच्या चाचणीत लटकता डबा खांबावर आदळून एक कर्मचारी दगावला होता, तिथे तर डबा दोरालाही नव्हता, रुळाला होता.

झोका हा केवळ जोराचा मामला नाही. दोरापासून डब्याच्या वजनाचा मध्य ४ मीटर खाली असेल, तर त्याचा एक पूर्ण झोका ४ सेकंदांचा. झुळका त्याच तालात आल्या तर कल वाढत जातो. पुढे-मागे झुलणे आवरायला बहुतेक यंत्रणांत सांध्याशी झोका शोषणारा डॅम्पर असतो, आडव्या झुलण्याला तसा लगाम नसतो, तिथे वेग कमी करणे एवढेच हातात. वारा मोजायचे यंत्र स्टेशनच्या गच्चीवर न ठेवता सर्वांत उघड्या टॉवरवर ठेवावे, कारण एप्रिल-मेमधले वावधन स्टेशनपर्यंत पोहोचेतो मधल्या दरीत डबे झुलायला लागलेले असतात. नागपूरसाठी इमारतींच्या हिशेबात धरायचा वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर आहे. तेवढ्या वाऱ्यात डबा दोरावर असताच कामा नये. सगळे डबे रात्री आत घेता येतील एवढी शेड निविदेत हवी. खर्च वाचवायला पहिली कात्री नेमकी याच शेडला लागते.

वानरांचे हसू येईल, पण मेळघाटात तो गंभीर विषय आहे. छपरावर पाय ठेवायला कड मिळाली की वानर स्टेशनात उडी मारून बसते आणि झडपेचे रबर सोलते. छप्पर गोलसर, रबर आतल्या बाजूला आणि वळचणीच्या झडपांना बारीक स्टेनलेस जाळी. जाळी मधमाश्यांसाठीही हवी. कड्यांना आग्या मोहोळ असते आणि लटकत्या डब्यातून पळायला जागा नसते.

बचावाचा विचार डबा काढतानाच झाला पाहिजे. झारखंडात देवघरजवळच्या त्रिकूट पर्वतावरच्या रोपवेवर १० एप्रिल २०२२ ला अपघात झाला आणि शेवटचा माणूस खाली यायला ४० तासांहून जास्त वेळ गेला. दरीत हेलिकॉप्टर डब्यावर तरंगते, तेव्हा त्याच्याच वाऱ्याने डबा फिरतो. म्हणून दाराच्या वर, आतल्या बाजूला, थेट छपराच्या चौकटीत बसवलेली बचावदोराची कडी हवी, दोन माणसांचा झटका सोसणारी. दार पूर्ण ७५० मिलिमीटर उघडावे, पट्ट्यात बसवलेला माणूस त्यातून तिरपा बाहेर निघाला पाहिजे. बाकाखाली आठ लिटर पाणी सीलबंद, आणि त्याची तारीख बदलण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर.

आमची मागणी एवढीच. निविदेत डबा आणि ग्रिप-हँगर-बुश वेगळे करावेत. डबा इथल्या कारखान्यांना खुला ठेवावा, हिशेब नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेकडून तपासून घ्यावा, आणि मोठी ऑर्डर देण्याआधी एकच नमुना डबा करून तो मे महिन्यात, भर दुपारी, उघड्या मैदानात क्रेनला टांगावा. आत वाळूची ४० किलोची २४ पोती, म्हणजे ९६० किलो, ठरलेल्या भाराच्या दीडपट. पोती भरण्याआधी आणि नंतर चौकटीचे कर्ण मोजावेत. ४५ किलोची वाळूची पिशवी दोराला बांधून खिडकीवर झुलवावी. मग पोती उतरवून आठ धडधाकट माणसे, डॉक्टर खाली उभा ठेवून, अर्धा तास बंद डब्यात बसवावीत आणि आतला पारा लिहून घ्यावा. बाहेरपेक्षा पाच अंशांहून जास्त चढला तर झडपा वाढवाव्यात. आणि भाराखाली दार अडकले, तर पोती तशीच ठेवून आधी दाराची चारही मापे घ्यावीत. पोती काढली की चौकट सरळ होते, दार लोण्यासारखे सरकते आणि दोष पुन्हा सापडत नाही.

आपले,
फॅब्रिकेशन आणि बस-बॉडी कामातील काही कारागीर व अभियंते,
परतवाडा, जि. अमरावती